मोटर फिरते, पाणी येत नाही

जुनी गाडी घ्यायला कुणी एकटं जात नाही. सोबत एक जाणकार असतो. ज्याच्याकडे गाडी आहे, होती, किंवा ज्याच्या मेव्हण्याचं गॅरेज आहे, तो जाणकार. आल्याआल्या तो बॉनेट उघडायला लावतो, डिपस्टिक काढून तेल बोटांवर चोळतो, वास घेतो आणि काहीच बोलत नाही. मग टायरला लाथ मारतो. दारं उघडून-लावून त्यांचा आवाज ऐकतो. एसी फुल्ल करून बराच वेळ आत बसतो, ते मात्र बहुधा उकाड्यामुळे. विकणारा तोवर 'सिंगल ओनर', 'डॉक्टरांची गाडी', 'फक्त रविवारी निघायची' हे सगळं म्हणून घेतो. हॉर्न वाजवून होतो, रेडिओ लावून होतो, काचा वरखाली होतात. पण वायपरची दांडी आपल्याकडे ओढली की समोरच्या काचेवर पाणी उडतं का, हे बघून जुनी गाडी घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि मीरा-भाईंदरात राहायचं असेल तर खरं म्हणजे हेच आधी बघायला हवं. इंजिन नंतर.

इथे काच मळण्यासाठी गाडी रस्त्यावर काढावीच लागते असं नाही, नुसती उभी केली तरी पुरतं. मेट्रो नऊचं काम २०१९ साली सुरू झालं. तेव्हापासून दहिसर ते गोल्डन नेस्ट या पट्ट्यात जो माल हवेत असतो, तो खांबांना लागलेल्या मालापेक्षा फारसा वेगळा नसावा. घोडबंदरकडून डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर येतात. पश्चिमेला खाडी, मिठागरं आणि पार उत्तनपासून येणारा खारा वारा. आधी धूळ बसते, मग खारी हवा तिला चिकटवते आणि शेवटी कबुतरं येऊन सही करतात. सोसायटीत गाड्या पुसायला येणारा मुलगा एका बादलीत सगळी रांग उरकतो. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, शेवटच्या गाडीला गाळ. आपला नंबर कितवा, हे काचेवरच्या रेघा सांगतात.

सकाळी घोडबंदर रोडनं ठाण्याला निघालं की ऊन समोरून येतं. काच स्वच्छ असेल तर ते नुसतं ऊन असतं. मळकी असेल तर अख्खी काच पांढरीफटक होते आणि पुढचा कंटेनर अंदाजानं ओळखावा लागतो. अशा वेळी दांडी ओढावी, तर बॉनेटच्या खालून कुठूनतरी 'घुंऽऽ' असा आवाज येतो, वायपर इमानेइतबारे फेऱ्या मारतात आणि पाणी येत नाही. एका कोपऱ्यात असलेली कबुतराची सही आता या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धगोल पसरलेली असते. रात्रीची तऱ्हा वेगळी. दहिसर नाक्यावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून लहान गाड्यांना टोल माफ झाला, रांग माफ झाली नाही. त्या रांगेत समोरच्या प्रत्येक दिव्याला मळक्या काचेवर मिशा फुटतात.

वायपर हवाच, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०१ वा नियम सांगतो. पण पाण्यावाचून वायपर म्हणजे कोरड्या तव्यावर उलथनं. नुसता खरखराट. वाळूचा एक कण रबराखाली सापडला तर काचेवर जी रेघ उमटते ती गाडी विकेपर्यंत टिकते, आणि विकताना पुढच्या जाणकाराला पहिली तीच दिसते.

हा वायपर शोधला एका बाईनं. अलाबामाच्या मेरी अँडरसन न्यू यॉर्कला गेल्या होत्या. ऐन थंडीत ट्रामचा ड्रायव्हर समोरची काच उघडून, गारठा तोंडावर घेत ट्राम हाकतोय हे त्यांनी पाहिलं. घरी परतल्यावर त्यांनी आतून हातानं फिरवायचा वायपर तयार करवून घेतला आणि १९०३ साली त्याचं पेटंट मिळवलं. विकण्याची खटपटही केली, पण याला बाजारात किंमत नाही असं उत्तर आलं. पेटंटची मुदत संपली आणि वायपर गाडीगाडीला लागले. बाईंना छदाम मिळाला नाही. आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीला फ्लोट लावा असं पहिल्यांदा सुचवणाऱ्या वहिनींचंही असंच झालं होतं. फ्लोट लागला तो पुढच्या कमिटीच्या कारकिर्दीत आणि श्रेय गेलं खजिनदारांना.

पाणी उडवण्याचे उपायही एकेक भारी आहेत. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये त्यासाठी मोटरच नव्हती. पुढच्या डिकीत ठेवलेल्या स्टेपनीतून एक नळी पाण्याच्या टाकीला जोडलेली असे आणि स्टेपनीतल्या हवेच्या दाबानं काचेवर पाणी उडे. स्टेपनीत ठरावीक हवा उरली की आपोआप बंद होईल अशी झडपही होती. जर्मनांचं काम, म्हणून झडप होती. ही गाडी आपल्याकडे बनती तर काचा लखलखीत आणि स्टेपन्या चपट्या असं दृश्य गावोगाव दिसलं असतं.

आपला उपाय बाटलीचा. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईनं भोकं पाडायची, शेजारच्या सीटवरच्या माणसानं काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि पुढच्या काचेवर पिचकारी मारायची. त्याच क्षणी ड्रायव्हरनं वायपर चालवायचा. हे काम बहुधा बायकोकडे येतं, कारण ते जमलं नाही तर कुणाचं चुकलं हे आधीच ठरलेलं असतं. गाडी उभी असेल तर काच धुतली जाते. चालती असेल तर पाणी वाऱ्यानं वळून मागे जातं. फाउंटन हॉटेलच्या वळणावर आमच्या गाडीतून हा प्रयोग झाला तेव्हा मागचा स्कूटरवाला पुढे आला, हेल्मेटची काच वर केली आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, होली को अभी टाइम है." पावसात वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळण्याची ट्रकवाल्यांची युक्तीही जुनी आहे. तिला थोडंफार यश येतं. पण तंबाखू हातात असताना ती काचेवर चोळणारा ड्रायव्हर विरळाच.

शेवटी दुरुस्ती. आणि दुरुस्ती सोसायटीत एकट्यानं करता येत नाही. रविवारी सकाळी बॉनेट वर गेलं की ते दिसण्याआधीच माणसं जमलेली असतात. तळमजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका बनियनवर आले. बी विंगमधले कापडवाले शेठ देरासरातून परतताना थांबले, पांढऱ्या शुभ्र लेंग्या-झब्ब्यात. सेक्रेटरीसाहेब आले ते खरं म्हणजे गाडी पिवळ्या पट्ट्याच्या आत आहे का हे बघायला, पण तेही थांबले.

"टाकीत पाणी आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे ना काका."

"कुणी बघितलं?"

टाकी बघितली गेली. बॉनेटखाली झाकणं बरीच असतात. ज्यावर काचेचं आणि कारंज्याचं चित्र असतं, ते आपलं. बाकीच्यांत कूलंट, ब्रेक ऑइल असली मंडळी राहतात. त्यांच्यात साबणाचं पाणी गेलं तर मग वॉशरची काळजी उरत नाही, दुसऱ्या असतात. पाणी होतं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, फ्यूज. फ्यूज गेला असता तर 'घुं' आवाजच आला नसता असं मी सांगितलं. पण सेक्रेटरी या पदावरच्या माणसाला बॉनेट बघून काहीतरी निदान द्यावंच लागतं, ते त्यांनी दिलं होतं. शेठ म्हणाले, "आ तो चोकअप छे." हे ते प्रत्येक गोष्टीला म्हणतात, ड्रेनेजला, ट्रॅफिकला आणि बाजारातल्या उधारीलाही, आणि तिन्ही बाबतींत त्यांचं बरोबर असतं.

एवढ्यात पंपरूममधून वॉचमन बाहेर आला. त्याला गाडी चालवता येत नाही. त्यानं हात पुसले, कान बॉनेटशी नेला आणि म्हणाला, "साब, फिर से चलाओ." मी दांडी ओढली. घुंऽऽ. "मोटर घूम रहा है, पानी उठा रहा है कि नहीं वो देखना पड़ेगा. या तो फुटवाल गया है, या हवा पकड़ लिया है, या ऊपर से जाम है."

त्या रविवारी एवढं शास्त्रशुद्ध वाक्य दुसरं कुणी बोललं नाही. आणि त्यात नवल काहीच नव्हतं. मीरा-भाईंदरला पाणी येतं ते एकीकडून शहाड-टेमघरहून म्हणजे 'स्टेम'कडून, दुसरीकडून एमआयडीसीकडून. दोन्हीकडची दुरुस्ती, शटडाउन आणि कपात यांचे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर येत असतात. पालघरकडच्या सूर्या धरणाच्या योजनेत रोजचं ४०३ दशलक्ष लिटर पाणी धरलंय, त्यातलं २१८ आमच्या शहराच्या वाट्याचं. हा २१८ चा आकडा इथल्या शेंबड्या पोराला पाठ आहे. अशा गावात पाणी का येत नाही या विषयात प्रत्येक जण पदवीधर असतो आणि वॉचमन पीएचडी. खाली टाकी, टाकीच्या बुडाशी मोटर, मोटरच्या तोंडाशी जाळी, मधे पाणी माघारी जाऊ नये म्हणून एकाच बाजूला उघडणारी झडप, मग वर चढणारी नळी आणि शेवटी भोकं. आमच्या इमारतीत सात मजले आहेत आणि गाडीला एकच, एवढाच फरक.

त्यानं निदान केलं ते तसंच, खालून वर. बॉनेटच्या पोटाशी, बिजागरीजवळ, नळी दोन्ही बाजूंच्या जेटकडे फुटते. तिथला टी-जॉइंट त्यानं हलकेच ओढून काढला, नळीचं तोंड बाहेर वळवलं आणि ओरडला, "अब चलाओ!" मी दांडी ओढली. नळीतून जी धार सुटली ती सरळ शेठजींच्या पांढऱ्या लेंग्यावर.

"पाणी आलं!" काका आनंदानं ओरडले.

हे वाक्य आमच्या सोसायटीत मोठ्यानं उच्चारायचं नसतं. वरच्या मजल्यांवर फटाफट नळ उघडल्याचे आवाज आले. कुणीतरी ड्रम सरकवला. दुसऱ्या मजल्यावरून एक वहिनी खिडकीत येऊन "किती वेळ आहे?" म्हणून विचारून गेल्या. आणखी कुणीतरी घाईघाईनं वॉशिंग मशीन लावलं, त्याचा नळीनं हवा ओढल्यासारखा हुंदका खालपर्यंत ऐकू आला. सेक्रेटरीसाहेबांना ग्रुपवर खुलासा टाकावा लागला की पाणी आलेलं नाही, ते गाडीचं होतं. त्या खुलाशाखाली 'कुणाच्या गाडीचं?', 'सोसायटीचं पाणी गाडीला का?' आणि एक हात जोडलेलं चित्र एवढं लगोलग आलं.

असो. नळीपर्यंत पाणी येतंय म्हणजे मोटर ठीक, झडप ठीक, दुखणं जेटमध्ये. जेटच्या भोकात पांढरं, मेणचट काहीतरी गच्च बसलं होतं. सुईच्या टोकावर ते निघालं तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "पॉलिश." गाडी विकायला काढताना तिला रबिंग-पॉलिश करतात. मेण कापडानं सगळ्या बॉनेटवर फिरवतात, ते जेटच्या बारीक भोकांत शिरून वाळतं. म्हणजे गाडी चकचकीत होती म्हणूनच काच धुतली जात नव्हती. गाडी ज्याच्याकडून घेतली त्याला फोन केला. तो म्हणाला, "वॉशर? अरे साब, वो तो कोई यूज ही नहीं करता." या उत्तरात खोटं काय आहे ते मला आजही सांगता येणार नाही.

सुई हे हत्यार दिसतं तेवढं सोपं नाही. जेटच्या आत एक बारीक गोळी असते, सुई हलली की ती फिरते आणि फवाऱ्याची दिशा बदलते. आमच्या डाव्या जेटचं पाणी आता काच सोडून टपावरून पलीकडे जाऊ लागलं आणि मागच्या गाडीचा बंपर पुसत बसलेला मुलगा दचकून उभा राहिला. उजव्याचं बॉनेटवरच सांडत होतं. काका म्हणाले, जरा खाली. शेठ म्हणाले, जरा वर. काचेच्या मधोमध लागलं पाहिजे यावर मात्र एकमत होतं, फक्त मध कुठे यावर नव्हतं. गाडी पळायला लागली की वारा फवारा खाली दाबतो, म्हणून उभ्या गाडीत तो थोडा वरच लागायला हवा. हे सांगून झालं तरी पुन्हा 'जरा खाली' चाललंच होतं.

मग थोड्या दिवसांनी धार बारीक झाली आणि गॅरेज गाठावं लागलं. काशिमीऱ्याच्या बाजूला गॅरेजांची एक ओळ आहे, त्यांतलंच एक. मिस्त्रीनं गाडीखाली डोकंही न घालता सांगितलं, "मोटर गया. कंपनी का डालूं या कुर्ला का?" कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारावर मुंबईच्या मिस्त्रीची जी श्रद्धा असते ती सिद्धिविनायकाच्या खालोखाल. वॉचमनचं म्हणणं मी त्याला सांगितलं: मोटर फिरतेय, जाळी बघ. परक्या डॉक्टरचा कागद दाखवल्यावर आपला डॉक्टर जसा बघतो तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. पण चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर खोललं, क्लिपा तोंडात धरल्या आणि टाकीच्या बुडातली मोटर तिच्या रबरी बुचातून उपसून काढली. जाळीवर हिरवट बुळबुळीत साय होती, सायीखाली शॅम्पूचा दही झालेला थर आणि त्याखाली पांढरी खरबरीत पुटं. वास असा आला की मिस्त्रीनंही मान वळवली.

शॅम्पू आधीच्या मालकाचा. एक रुपयाची पुडी टाकीत ओतली की काच चमकते असा समज सगळीकडे आहे. फेस येतो खरा, पण काचेवर कमी आणि नळीत जास्त. पांढरी पुटं कशाची, याचं उत्तर मीरा रोडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. आरओच्या मशीनमधून जे पाणी वाया जातं ते फेकायचं नाही, असा इथल्या घरांचा दंडक. त्यानं लादी पुसतात, कुंड्यांना घालतात आणि उरलं की गाडीच्या टाकीत. आता ज्या पाण्यातून मशीननं क्षार काढून टाकलेत ते आपण पितो आणि ते सगळे क्षार ज्यात गोळा झालेत ते गाडीला पाजतो. जेटचं भोक केवढं, त्यात हे पाणी वाळलं की दगड. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तरी तोच प्रकार, जरा सावकाश. मिस्त्रीनं टूथब्रशनं जाळी घासली आणि मोटर परत बसवताना सांगितलं, टाकी कोरडी असताना दांडी ओढत बसू नका, मोटर पाण्यानंच थंड राहते, कोरडी फिरवली तर खरंच जाईल. मग कुर्ला.

टाकीतल्या त्या हिरव्या सायीबद्दल मी काकांना एक गोष्ट सांगितली. २०१० च्या सुमारास इंग्लंडमधल्या आरोग्य संशोधकांना दिसलं, की वॉशरच्या टाकीत साधं पाणी असेल तर त्यात न्यूमोनियाचे एक जातीचे जंतू वाढू शकतात आणि फवाऱ्यातून सतत गाडी चालवणाऱ्यांच्या नाकात जातात. वॉशरचं तयार द्रावण घातलं तर ते टिकत नाहीत. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, आपल्या टँकरच्या पाण्यात जंतूच टिकत नाही, तर न्यूमोनिया कुठून?"

उंदरांबद्दल फार लिहीत नाही. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब असते आणि वॉशरची नळी त्यांना आवडते, एवढं पुरे. डांबरगोळ्या ठेवून बघा, तंबाखूची पुडी ठेवून बघा. आमच्याकडे तंबाखू नाहीशी झाली, नळी कुरतडलेली सापडली, तेव्हा ती उंदरानं खाल्ली की गाडी पुसणाऱ्यानं, याचा तपास लागलेला नाही.

प्रकरण संपलं असं वाटलं होतं. पण सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तशी आमचीही झाली. चहा झाला, मागचं इतिवृत्त वाचून झालं, टँकरच्या बिलावर नेहमीएवढंच भांडण झालं. मग 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' यात शेठजी उभे राहिले. लेंग्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. सोसायटीच्या नळाला पाइप लावून गाड्या धुवायला बंदी आहे, तर मग आतल्या आत पाणी उडवून काच धुणं हे गाडी धुणं आहे की नाही, एवढंच त्यांनी विचारलं. पाऊण तास चर्चा झाली. पिण्याचं पाणी काचेला वापरू नये, असं एक मत. मग कुठलं वापरायचं, आरओचं तर चालत नाही म्हणतात, असं दुसरं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी प्रत्येक गाडीमागे वेगळी आकारणी सुचवली. गाडी असलेल्यांनी मग कुंड्यांचाही विषय काढला, तेव्हा सूचना मागे घेण्यात आली. सरतेशेवटी ठराव झाला, तो इतिवृत्तात असा आहे: 'सभासदांनी वाहनाच्या काचेच्या टाकीतील पाणी स्वतःच्या घरून बाटलीतून आणावे, टाकी भरतेवेळी व वापरतेवेळी "पाणी आले" असे मोठ्याने बोलू नये. सूचक, तळमजला. अनुमोदक, बी विंग. ठराव सर्वानुमते मंजूर.'